पोट लहान करण्याआधी

बारामतीच्या दवाखान्यात आईचा नंबर लागायची वाट बघत मी बसले होते. कळस गावाहून आलेली, चाळिशीची, अंगानं खूप जाड अशी एक बाई भिंतीला टेकून उभी होती. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण हात असलेल्या खुर्चीत आपण अडकू, ही तिला धास्ती. मी स्टूल आणून दिलं. त्यावर बसून ती पदरानं सारखा घाम पुसत राहिली.

"पोट ल्हान करायचं आपरेशन हाय परवा," ती हळूच म्हणाली. "ताई, घरात कुणी टाकून बोललं की मी भाकरी घिऊन बसते. लगीन झाल्यापास्नं असंच. आता पोटात जागाच ऱ्हाणार न्हाय, मग मी काय करू?"

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"हसत्याली."

तिला आत बोलावल्यावर तिनं माझा हात धरला. आईला तिथंच बसवून मीही गेले. अडखळत तिनं तेच विचारलं. डॉक्टर हसले नाहीत. घरात काय घडतं ते त्यांनी नीट विचारलं, ऑपरेशन पुढं ढकललं आणि आधी मनाच्या डॉक्टरांकडं पाठवलं.

बाहेर येऊन ती म्हणाली, "वजन समदी इचारत्यात. आत काय चाललंय, त्ये आजवर कुणी इचारलं न्हवतं."

पुढं ऑपरेशन झालं का, ते मला कळलं नाही. घरात कुणी बोललं की ती आता काय करत असेल, ही काळजी मात्र अजून वाटते.