काकूंचं तपेलं आणि आमची पुडी

बाबूशेटनं फळीवरच्या सगळ्या पुड्या काढून माझ्यापुढे आपटल्या. "ह्या आधी उचला! बाबूशेट विष विकतो, असं लोकं बोलतात वो!"

मी नुकताच मुंबईच्या बोटीतून उतरलो होतो. पायांखालची जमीन अजून डोलत होती. त्यात हे स्वागत.

मी तेव्हा मुंबईतल्या एका कंपनीचा ट्रॅव्हलिंग एजंट होतो. गावोगाव हिंडून माल खपवायचा. माल म्हणजे 'शीतधारा', संत्र्याच्या सरबताची पूड. पाण्यात घातली की सरबत तयार. कोकमाच्या रत्नागिरीत हे विकायचं म्हणजे थट्टाच होती. पण बाबूशेटसारखा भला स्टॉकिस्ट, म्हणजे माल साठवून इतर दुकानांना पुरवणारा व्यापारी, मिळाला होता. त्याच्या नावावर आमचा जम बसत होता.

"झालं काय ते तरी सांगा."

"वरच्या आळीत वकिलांकडे मुंज झाली. तुमचं सरबत प्यायली नि निम्मी पंगत ओकत सुटली. दुसऱ्या दिवशी सगळी बरी झाली, ही देवाची कृपा. आता माज्याकडचं मीठ पण कोण नेत नाय."

मी मॅनेजरसाहेबांना तार केली. उत्तर आलं: प्रकरण मिटवा, नाहीतर माल घेऊन परत या. परत आल्यावर नोकरी जाईल, हे लिहिलेलं नव्हतं. तारेत शब्द वाचवायची साहेबांना सवय होती.

मुंजीला ज्या पेटीतला माल गेला होता, त्याच पेटीतली एक पुडी फोडून मी बाबूशेटसमोर काचेच्या पेल्यात सरबत केलं आणि प्यायलो. काही झालं नाही. मग वकिलांचं घर गाठलं.

वकील ओटीवरच बसले होते. "खटला भरत नाही, हे उपकार समजा," म्हणाले. तेवढ्यात त्यांच्या पत्नी बाहेर आल्या. त्यांना सगळी आळी काकू म्हणे. "उन्हातून आलायत. आधी गूळपाणी घ्या, मग भांडा." माझ्या मालानं ज्यांचं कार्य नासलं, त्यांनी मला दारात पाणी दिलं. ते मी अजून विसरलेलो नाही.

"काकू, सरबत कशात केलं होतंत?"

"मोठ्या तपेल्यात. सकाळीच करून ठेवलं, जेवणं होईतो मुरेल म्हणून."

मी तपेलं पाहायला मागितलं. पितळेचं होतं. बाहेरून लखलखीत, पण आतली कल्हई पार उडालेली. आंबट पदार्थ उघड्या पितळेत राहिला की कळकतो आणि पोटात ठरत नाही.

"म्हणजे तुमच्या पुडीत आंबट आहे?" काकूंनी विचारलं.

"साखर, रंग, अर्क आणि लिंबूफूल. तेच आंबट."

काकूंनी तपेल्यात वाकून पाहिलं. "अगो बाई! कोकम मी जन्मात ह्यात घातलं नसतं हो. पण ही दिसायला साखरेसारखी. पूड कशी कळकेल, असं वाटलं. शिमग्यानंतर कल्हईवाला येतो, तो यंदा फिरकलाच नाही."

"झालं ते झालं," वकील म्हणाले. "आता वाच्यता नको."

त्यांचंही चूक नव्हतं. मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती, आणि ज्या घरात भांड्यांना कल्हई नाही, त्या घरच्या बायका गचाळ, असा गावाचा न्याय. माझ्या नोकरीपायी त्या पोरीचं लग्न मोडावं, असं मला वाटेना. मी मुकाट्यानं उठलो आणि परतीच्या बोटीची चौकशी करायला गेलो.

त्या शुक्रवारी काकूंकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. तिथे मी कुठला असणार! बाबूशेटची बायको गेली होती, तिनं सांगितलं ते असं. पन्ह्याशेजारी काकूंनी चिनी मातीच्या बरणीत आमचं सरबत ठेवलं होतं. कोणी हात लावेना. तेव्हा काकूंनी स्वतः पेला भरून रिकामा केला आणि ते तपेलं सगळ्यांच्या मधोमध आणून ठेवलं.

"बघा गो, कल्हई उडालीय. लोकं ओकली ती माझ्या तपेल्यामुळे. बाबूशेटच्या दुकानाला नावं ठेवू नका."

कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, "माझी तरी कुठे झालीय? मेला कल्हईवाला यंदा कोणाकडेच आला नाय!" सगळ्या हसल्या आणि बरणी बघता बघता संपली. मुलीचं लग्नही पुढे ठरल्याप्रमाणे झालं.

बाबूशेटनं पुड्या पुन्हा फळीवर मांडल्या. माझी नोकरी वाचली. मुंबईला परतल्यावर मी साहेबांना म्हटलं, "पुडीवर छापा: सरबत काचेच्या, मातीच्या किंवा कल्हईच्या भांड्यात करावे."

"असलं छापलं तर लोक घाबरतील."

"ओकल्यावर जास्त घाबरतात, साहेब."

छापलं.

कंपनीतर्फे मी काकूंना एक पेटी पाठवली. ती बाबूशेटच्या हाती तशीच परत आली. निरोप होता: राग मानू नका, पण त्या दिवशी प्यायले तेवढं पुरे. आमच्याकडे कोकम आहे.

पुढे कंपनीनं जाहिरातींवर पुष्कळ खर्च केला. पण रत्नागिरीत आमचं नाव राखलं ते त्या बाईनं, आणि तिला आमचं सरबत आवडतसुद्धा नव्हतं.