शेजारच्या सीटवरचा दगड

त्या पिकअपवाल्याचं नाव मी विचारलंच नाही, इतका त्याचा राग आला होता. ब्याण्णव-त्र्याण्णवचा उन्हाळा, घाटावरच्या आमच्या आहुपे गावातली विहीर आटलेली आणि घरात बहिणीचं लग्न. त्याच्या पिकअपला ट्रॉली जोडून आम्ही खालून पाण्याची दहा पिंपं भरली. त्याने टायर दाबून पाहिले, घाटाकडे बघितलं आणि पाच पिंपं सरळ रस्त्यावर ओतली.

"अहो, एवढं ओढेल की गाडी!" मी ओरडलो.

"वढंल वो भाऊ. पन चढाला बंद पडली, तर बिरेक धरंल का?"

तेव्हा चढावर एक माणूस दगड घेऊन ट्रॉलीमागे चालायचा. गाडी अडली की चाकामागे दगड लावायचा. यानं मात्र मागे कुणालाच चालू दिलं नाही. मी धुसफुसत पुढे बसायला गेलो, तर सीटवर एक मोठा दगड. तो खाली ठेवायला मी हात घातला.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "माजा भाऊ त्यो घिऊन मागं चालायचा. गाडी मागं घसरली त्या दिवशी मीच म्हनलं व्हतं, वढंल म्हनून."

वरपर्यंत मी दाराला चिकटून बसलो. लग्नात पाणी कमी पडलं. का, ते मी कुणालाच सांगितलं नाही.