घेतलं शून्य, दिलं सगळं

हे प्रकरण अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. तेव्हा मी नाशिकला सायबर पोलीस ठाण्यात होतो. सटाण्याच्या एका गृहस्थाचा पहिलाच अहिराणी सिनेमा प्रदर्शनाआधी इंटरनेटवर फुटला. थिएटरवाले अंग काढून घेऊ लागले. तो रोज धाकट्या भावाला घेऊन ठाण्यात यायचा. "साहेब, कोनी केलं तेवढं सांगा," एवढंच म्हणायचा.

खबऱ्याने द्वारका चौकाजवळच्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याचं नाव दिलं. मूळचा नामपूरचा हा पठ्ठ्या सिनेमांची देवाणघेवाण करणारा बंद ग्रुप चालवत होता. त्याने सगळं कबूल केलं, वर ग्रुपची शिस्तही ऐटीत समजावली. प्रत्येक सभासदाला वेगळी सांकेतिक चावी. त्याचा कॉम्प्युटर किती घेतो, किती देतो, याची खबर त्या चावीसकट सर्व्हरला जाते. नुसतं घेणाऱ्याला आधी ताकीद, मग हकालपट्टी. आमच्या हजेरीलाही एवढी कडक शिस्त नव्हती! चौकशी राहिली बाजूला, मी प्रश्नच विचारत बसलो.

मग या सिनेमाची नोंद उघडायला लावली आणि सर्वांत जास्त अपलोड असलेल्या नावावर बोट ठेवलं. "हाच चोर."

"तो चोर नही शे, साहेब," दुरुस्तीवाला म्हणाला. "तेनी पहिले लिधं, मंग दिधं. जेनी काहीच लिधं नही तरी दिधं, तो देखा."

पटण्यासारखं होतं. ज्याने सिनेमा ग्रुपवरून घेतलाच नाही, त्याच्याकडे तो आधीपासून असणार. असा सभासद एकच निघाला. त्याच्या टोपणनावामागचा आयपी पत्ता इंटरनेट कंपनीकडून तपासून घेतला. घर निघालं फिर्यादीचंच.

धाकट्याला समोर बसवलं. फार विचारावं लागलं नाही.

"ताकीद आलती साहेब. घेतलं लय होतं, दिलं कायच नव्हतं. काढून टाकनार होते मला. दुसऱ्या कोनाकडं नाय असं माझ्याकडं तेवढंच होतं."

थोरल्याला आत बोलावून सांगितलं. तो ओरडेल, हात उगारेल, म्हणून मी हवालदाराला जवळ उभं केलं होतं. त्याने फक्त विचारलं, "त्या ग्रुपमा तू कोनले वळखस, भाऊ?"

"कोनलेच नही."

मला त्या पोराचा भयंकर राग आला. ज्यांची खरी नावंही ठाऊक नाहीत, त्यांच्यात टिकून राहायला याने घरच्या माणसाचं स्वप्न देऊन टाकलं होतं. नोकरीत मी पैशासाठी, बाईसाठी, जमिनीसाठी झालेले गुन्हे पाहिले. आपल्याला कुठून तरी काढून टाकतील ही भीतीही माणसाला तेवढीच खाली नेते, हे त्या दिवशी कळलं.

दुरुस्तीवाला आणि धाकटा, दोघेही कोठडीत गेले. दुसऱ्या दिवशी थोरला आला, तो डबा घेऊन. "त्याले तिखट चालत नही," म्हणाला.