कुरुक्षेत्राला चाललोय, भांडायला नाही!

रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी शोभाताईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "चला की गं, कुरुक्षेत्र बघून येऊ!" बस, तिथून सुरू झालं. अजून आम्ही घरातून निघालोसुद्धा नाही, पण किस्से इतके साठलेत की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमचा ग्रुप म्हणजे इकडे चंदीगडला, मनीमाजऱ्यात एकाच गल्लीत राहणाऱ्या आम्ही तिघी. शोभाताई कोल्हापूरच्या, रूपाली अकोल्याची, मी लातूरची. तिघींचे नवरे डेराबस्सीला औषधांच्या कारखान्यात. ठरलं असं, की बसने जायचं, एक रात्र धर्मशाळेत राहायचं, डबे घरचे. महाभारतातलं एवढं जुनं गाव इथून दोन तासांवर, आणि आपण अजून पाहिलं नाही म्हणजे काय!

दोघी खूश. मी मात्र मनात म्हटलं, आपण नाही जायचं. कारण माझी अन्वी. सहा वर्षांची आहे. मागे बाजारात मी बांगड्या बघत होते आणि तिचा हात सुटला. दोन दुकानं सोडून सापडली, कुल्फीवाल्यासमोर उभी! तिला काही वाटलं नाही. पण तेव्हापासून गर्दी म्हटली की मी दारातूनच मागे फिरते. तोंडावर नाही म्हणवेना, म्हणून म्हणाले, "बघू."

* * *

गावाकडे सासूबाईंना फोन केला. "आई, आम्ही कुरुक्षेत्राला चाललोय."

पलीकडून हळूच आवाज आला, "कुणाशी वाजलं गं?"

"अहो आई, गाव आहे ते! बघायला चाललोय."

"माझ्यापासून लपवू नको. त्यानंच काहीतरी केलं असणार. दे त्याला फोन!"

यांनी काहीही न करता चांगली दहा मिनिटं बोलणी खाल्ली. फोन ठेवून म्हणाले, "तिकडे जायची काय गरज? युद्ध इथंच झालं की!"

* * *

धर्मशाळेला फोन शोभाताईंनी लावला. त्यांची हिंदी म्हणजे मराठीलाच 'है' लावलेली.

"भैया, हमको खोली चाहिए."

"जी? क्या खोली?"

"खोली जी, खोली! बडी खोली!"

"किसने खोली, बहनजी?"

"अवो, अजून कुणी नाही खोली! हमको चाहिए!"

रूपाली हसून हसून लोळायची बाकी होती. "काऊन ओरडता ताई? कमरा म्हणा, कमरा!"

तोवर तो बिचारा पलीकडून म्हणाला, "बहनजी, धर्मशाला है, हमेशा खुली है. आप आ जाओ जी."

शोभाताई फोन ठेवून ऐटीत म्हणाल्या, "बघा, बुकिंग पक्कं!"

* * *

बसची चौकशी करायला अन्वीचा हात धरून मी आणि रूपाली सेक्टर 43 च्या स्टँडवर गेलो. बसपाशी पांढऱ्या दाढीचे एक सरदारजी कंडक्टर उभे होते. मी अदबीने विचारलं, "काका, कुरुक्षेत्र की बस कितने बजे है?"

त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. मी परत म्हटलं, "काका, आपको ही पूछ रही हूँ."

ते इतके हसले की डोळे पुसायला लागले. रूपालीने माझा दंड ओढला, "अगं बापा, पंजाबीत काका म्हणजे लहान पोरगा!"

मला वाटलं, आता जमीन फाटावी. मी हात जोडले. पण ते म्हणाले, "ना पुत्तर ना. माँ के जाने के बाद आज किसी ने काका बोला है!" मग वेळ सांगितली, आणि वर म्हणाले, "आगे वाली सीट पे बैठना. बच्चे को उल्टी नहीं होती."

* * *

मग बॅग भरायला घेतली. नाही जायचं असं मनात होतं, तरी भरली! तापाचं औषध, उलटीचं औषध, टॉर्च, शिट्टी, दोरी, दोन टॉवेल, कापूर.

यांनी बॅग उचलून पाहिली आणि खाली ठेवली. "अगं, तिथली लढाई कधीच संपली!"

* * *

आणि हा आजचा किस्सा. संध्याकाळी शोभाताईंनी जिन्यातून हाक मारली, "उद्या सकाळी निघायचंय. येणार का नाही ते नक्की सांग गं!"

"सांगते," म्हणाले, आणि अन्वीला समोर बसवलं. "हरवलीस तर काय करायचं?"

"मम्मी, मैं नहीं खोऊँगी."

"मराठीत बोल."

"नाही खोणार."

मी बॉलपेन घेतलं आणि तिच्या हातावर माझा फोन नंबर लिहिला. एक आकडा वेडावाकडा आला, तो परत गिरवला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

मग तिने पेन माझ्या हातातून काढून घेतलं. माझी बांगडी वर सरकवली, जीभ दातात धरली, आणि शाळेत शिकवलेल्या हिंदीत, मनगटापासून कोपरापर्यंत, एकेक अक्षर सावकाश लिहिलं:

"यह अन्वी की मम्मी है. डरती है. मिले तो अन्वी को बता देना."

त्याच हाताने दार उघडून मी जिन्यात हाक मारली, "शोभाताई, आम्ही दोघी येतोय!"