कपाळावरची पांढरी बट

कॅनडातल्या मिसिसागात आमच्या शेजारी राहणाऱ्या आजोबांचे केस साठीनंतरही तपकिरी होते. फक्त कपाळाच्या बरोब्बर मधोमध एक बट पांढरीशुभ्र. हौसेनं रंगवून घेत असतील, असं मी कित्येक वर्षं समजत होते.

गेल्या हिवाळ्यात आई नागपूरहून आली होती. आम्ही घरासमोरचा, ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसत असताना आजोबा बाहेर आले आणि ओरडले, "नातू झाला!" आईला तेवढं इंग्रजी कळलं. बाळाला बघायला रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून तिनं आपल्या मऊसूत सुती साडीचं झबलं-टोपडं शिवलं आणि आम्ही त्यांच्याकडे गेलो.

त्यांची सून फिलिपिनो. बाळाचं जावळ तिच्यासारखंच काळंभोर, दाट. आणि त्या काळ्या जावळात, कपाळावर, पांढऱ्या केसांचा एक झुबका.

आई दचकली. "कोड आहे का गं?"

मराठी कुणाला कळत नव्हतं, तरी मी ओशाळले. आजोबांनी मात्र आईचा चेहरा वाचला. डोक्यावरची लोकरीची टोपी काढून ते बाळाशेजारी वाकले. दोन डोकी, एकच खूण. बाळाच्या बाबांकडे, आपल्या मुलाकडे बोट दाखवून म्हणाले, "यालाही आहे. पण हा डोकं तासून ठेवतो!"

मग मला म्हणाले, "आमचं आडनाव रोज वाचतेस ना?"

वाचत होते, त्यांच्या टपालपेटीवर. व्हिटलॉक. आपल्याकडचे काळे, गोरे, बहिरे कुणाच्या तरी रूपागुणावरून आले असणार, हे कळत होतं. इंग्रजी आडनावालाही अर्थ असेल, हे कधी मनातच आलं नव्हतं.

"व्हिट म्हणजे पांढरा, लॉक म्हणजे बट," ते सांगू लागले. "फार जुन्या काळी कुण्या गावात कुणाला तरी लोक अशी हाक मारायला लागले असतील. तो आमचाच पूर्वज होता, की नुसताच कुणी पिकल्या केसांचा म्हातारा, देव जाणे. पण माझ्या वडिलांना ही बट होती, आजोबांनाही होती. त्याआधीचं सांगायला कुणी उरलं नाही. जन्मतःच येते. त्रास काही नसतो."

मी आईला सगळं मराठीत सांगितलं. सांगता सांगता मनात आलं, कुठल्याशा गल्लीत मारलेली एक हाक समुद्र ओलांडून आमच्या रस्त्यावरच्या टपालपेटीवर आली असेल, आणि जिच्यावरून ती मारली, ती बटच कदाचित माझ्यासमोर होती, जांभया देणाऱ्या बाळाच्या कपाळावर.

आईनं हात पुढे केला, थांबली, आणि सुनेनं मानेनं हो म्हटल्यावर त्या झुबक्यावरून बोट फिरवलं. "रेशीम आहे गं," एवढंच म्हणाली.

आम्ही घरी आलो. दारात बूट काढता काढता आई म्हणाली, "तुझ्या मावशीच्या दंडावर कोड आहे. तुला माहीत नाही. तिचे सगळे ब्लाउज मीच शिवले, मनगटापर्यंत बाह्यांचे."

रात्रीचं जेवण झाल्यावर, तिकडे सकाळ उजाडली तसा तिनं मावशीला व्हिडिओ कॉल लावला आणि बाळाची गोष्ट अगदी पहिल्यापासून सांगितली.

"आणि त्यांनी त्याचं डोकं झाकलं नव्हतं?" मावशीनं विचारलं.

"नाही गं. आपणहून दाखवलं."

"ताई," मावशी म्हणाली, "त्यांना विचारून मला त्याचा एक फोटो पाठवशील?"