सतराव्या ओळीची साक्ष

थप्पड बसली तेव्हा माझ्या हातात प्रिंटरमधून नुकताच निघालेला कागद होता. तो मी खाली पडू दिला नाही. गाल पेटला. कानात शिट्टी वाजायला लागली. तीस पोरं-पोरी बघत होती. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस. मारणारे सर माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान.

गुन्हा एवढाच, की मी म्हणालो होतो, "सर, चूक या ओळीत नाही. वरच्या ओळीत आहे."

"तू मशीनला शिकवणार? भाजीच्या टोपल्या उचल जा," सर म्हणाले. वर्ग हसला. मीही हसलो. त्या हसण्याची शिसारी अजून गेलेली नाही.

अकोल्याच्या एका खासगी तंत्रनिकेतनात मी प्रयोगशाळा सहायक होतो. हुद्दा मोठा, काम संगणकांवरची धूळ पुसण्याचं. घराणं माळ्याचं. चांदूर बाजाराकडे बापजाद्यांनी वांगी-मिरच्या पिकवल्या. सरांनी वर्गात एक रीत घातली होती. सगळ्यांनी मिळून एकच प्रोग्रॅम लिहायचा. हजेरी क्रमांक एकने पहिली ओळ, दोनने दुसरी, असं तिसापर्यंत. मग तो मशीनकडे तपासायला द्यायचा. लिहिण्यात चूक असली की मशीन ओळीचा नंबर दाखवायचं. तो नंबर मी मोठ्याने वाचायचा. ज्याचा नंबर, त्याने हात पुढे करायचा. सर स्टीलची पट्टी उभी धरायचे आणि बोटांच्या सांध्यांवर मारायचे.

आता मशीनचं सांगतो. त्या भाषेत ओळीच्या शेवटी अर्धविरामाची खूण लागते. ती कोणी विसरला तर ओळ संपली हे मशीनला कळतच नाही. ते पुढे वाचत जातं, पुढच्या ओळीवर अडखळतं आणि तिचाच नंबर सांगतं. चुकलेला सुटतो. त्याच्या मागचा मार खातो. हे मला कळलं होतं, म्हणून बोललो होतो.

त्यानंतर मी फक्त नंबर वाचले. "बारा." पट्टी. "चोवीस." पट्टी. मारणारा हात सरांचा, दाखवणारं बोट माझं. टेबलावर रक्त सांडलं तर पुसायचं फडकंही माझंच.

वंदना सतरा नंबरची. चांदूर बाजाराचीच, आमच्याच लोकांतली. सोळा नंबरचा पोरगा नेहमी खूण विसरायचा आणि मार वंदना खायची. तिच्यानंतर अठरा नंबरला संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या.

वंदनाने एक वही केली. जेवणाच्या सुट्टीत माझ्यापाशी बसून ती प्रोग्रॅम छापलेले रद्दीतले कागद कात्रीने कापायची. एका चिठ्ठीवर एकच ओळ. मग त्या ओळीत आकडे-मजकूर साठवायला दिलेली नावं काढून टाकायची. नाव असेल तिथे 'ना', आकडा असेल तिथे 'अं', अवतरणातल्या मजकुराला 'म'. कंस, स्वल्पविराम, अर्धविराम मात्र जसेच्या तसे. उरायचा तो ओळीचा सांगाडा. सारख्या सांगाड्यांच्या चिठ्ठ्या वहीत एकाखाली एक चिकटवायच्या. जी चिठ्ठी कुठेच बसत नाही, तिच्यात काही तरी मोडलेलं. कधी एखादी चांगली ओळही एकटी पडायची, ती मग नीट बघावी लागे. पण वरची ओळ कोणाची, खालची कोणाची, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. जी ती ओळ आपापल्या पायावर उभी करून तपासायची.

मी विचारलं, नावं काहून काढतेस?

"नावात काय चूक रायते काका? वांगे निवडतानी आपण वाफा पाह्यतो का? कीड पाह्यतो."

मी तिच्या चिठ्ठ्या मशीनशी ताडून पाहिल्या. मशीन नंबर चुकवायचं. तिची चिठ्ठी चुकवत नव्हती. हे कोणाला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

एके दिवशी मशीनने अठरा सांगितला. मी वाचला. अध्यक्षांचा पुतण्या जागचा हलला नाही. सरांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि शांतपणे म्हणाले, "मशीन खालची ओळ दाखवतं. चूक वरच्या ओळीत असते. सतरा, पुढे ये."

ते शब्द मला ओळखू आले. माझेच होते. त्याच शब्दांसाठी मी थप्पड खाल्ली होती. म्हणजे सरांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मशीन आंधळं होतं, सर नव्हते. वरची ओळ धरायची की खालची, हे ते आडनाव पाहून ठरवत होते.

वंदना वही घेऊन उठली. "माही ओळ पुरी आहे सर. याच्या ओळीत कंस उघडला, बंदच नाही केला. हे पाहा."

सरांनी पाहिलं. त्यांना दिसलं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. मग त्यांनी पट्टी उचलली. पहिला वार बोटांवर. दुसरा त्याच बोटांवर. तिसऱ्याला तिची करंगळी मोडली. तुरीची वाळकी तुराटी मोडावी तसा आवाज झाला. चौथा वार तिने हवेतच धरला आणि पट्टी हिसकावली. धार सरांच्या गालावरून कानापासून ओठापर्यंत गेली. पुतण्याने तिची वेणी धरली आणि डोकं टेबलावर आपटलं. एकदा. दोनदा.

मी धावलो. तिला सोडवायला धावलो, असं मी बायकोला सांगितलं, लेकरांना सांगितलं. खोटं. मी वंदनाचे दोन्ही हात मागून धरले. मी धरले म्हणून तिला तोंड वाचवता आलं नाही. पुढचे दोन दात तिथेच पडले. ती ओरडली नाही. मान वळवून एवढंच म्हणाली, "काका, तुमी?"

संध्याकाळी संस्थेच्या कार्यालयात मी जबाबावर सही केली. विद्यार्थिनीने विनाकारण हल्ला केला, तिला कोणीही मारले नाही. तिची वही मीच नेऊन सरांना दिली. तिला कॉलेजातून काढलं. मी निवृत्तीपर्यंत नोकरी केली.

गेल्या महिन्यात तोच पुतण्या बडनेऱ्याला माझ्या घरी आला. आता तो संस्थेचा सचिव आहे. त्यांच्या विद्यार्थ्यांनी संगणकावर एक साधन तयार केलंय. प्रोग्रॅमची एकेक ओळ सुटी घ्यायची, नावं गाळायची, उरलेला सांगाडा आकड्यांत मांडायचा आणि मोडलेली ओळ हुडकायची. अमरावतीत त्याचा समारंभ ठरला होता. पत्रिकेत छापलं होतं, मूळ कल्पना सरांची. मी जुना माणूस, दोन शब्द बोलावे. शाल-श्रीफळ ठेवलंच होतं.

मी म्हणालो, वही वंदनाची होती.

तो हसला. "काका, जबाबावर सही कोणाची? तिला धरलं कोणी? बोलाल तर तुमचंच तोंड काळं होईल."

"होऊ दे," मी म्हणालो आणि पत्रिका त्याच्यासमोर फाडली. त्याने माझी कॉलर धरून मला भिंतीवर आदळलं. चष्मा फुटला. कपाळाला खोक पडली, रक्त डोळ्यात उतरलं. मी हात जोडले नाहीत. मान खाली घातली नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला हे जमलं.

टाके घातल्यावर दुसऱ्या दिवशी चांदूर बाजार गाठलं. वंदना बाजारात भाजी विकते. करंगळी वाकडीच राहिली आहे. तिने मला लगेच ओळखलं. बसा म्हणाली नाही. मी सगळं सांगितलं आणि माफी मागितली.

ती म्हणाली, "मी माफ केलं का तुमी घरी जाऊन सुखानं झोपसान. दातायचं मी इसरली काका. वहीचं नाई इसरली. जिथं सही केली तिथं जाऊन सांगा. माह्याजवळ कायले आले?"

मग तिने मिरच्यांचं माप गिऱ्हाइकाच्या पिशवीत ओतलं आणि माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

समारंभ रविवारी आहे. जुना जबाब खोटा असल्याचं मी पोलीस ठाण्यात लिहून दिलं आहे. एक प्रत संस्थेला पाठवली, एक साधन करणाऱ्या विद्यार्थ्यांना. त्यात आधी माझा गुन्हा आहे, मग पुतण्याचा आणि सरांचा. खटला झाला तर मी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहीन. पोरं-सुना म्हणतात, या वयात कशाला. या वयातच. याच्यापुढे वय नाही.

रविवारी मी तिथे जाणार आहे. माईक काढून घेतला तर ओरडून सांगेन. खाली ओढलं तर पायऱ्यांवरून सांगेन. मारलं तर मार खात सांगेन. पोरीचे हात मी धरले होते, आणि वही तिची होती.