डाव्या कोपऱ्याकडे कुणी जात नव्हतं

माझा नवरा विटा मोजणारा माणूस. हुद्दा क्वांटिटी सर्व्हेअरचा. इमारतीला किती सिमेंट, किती सळी, किती फरशी लागेल हे तो टेबलाशी बसून सांगायचा आणि ते बरोबर निघायचं. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट मोजली की कळते, असा त्याचा ठाम समज होता. लग्न होऊन दुबईत आल्यापासून मी या समजाशी भांडत आले. जिंकले एकदाच, आणि तेही अल क्वोजच्या वाळूत, गाडीच्या काचेआड बसून.

नव्वदच्या दशकाचा मधला काळ असेल. आम्ही अल कुसैसला राहायचो. नवऱ्याच्या कंपनीचे सेठ मूळचे रत्नागिरीकडचे, दोन पिढ्या आखातात व्यापार करून मग बांधकामात शिरलेले. माणूस हिशेबाला पक्का, पण कबड्डी म्हटलं की विरघळायचा. शारजात दर हिवाळ्यात कोकणातल्या मंडळींची कबड्डीची स्पर्धा व्हायची आणि तीत सेठचा संघ उतरायचा. संघातल्या माणसांना सेठ साइटवर ठेवत नसत. अल क्वोजच्या गोडाऊनमध्ये, सावलीत, कायमचं काम देत. साइटवरच्या माणसाचा व्हिसा काम संपलं की कॅन्सल व्हायचा. गोडाऊनमधल्याचा चालू राहायचा. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण तिथल्याच कामगारांच्या कॅम्पात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यामुळे कॅम्पात दुसरी फळी तयार झाली होती. दिवसभर सळ्या वाकवून, काँक्रीट ओतून आलेली माणसं शुक्रवारी दुपारची अस्रची नमाज झाली की कॅम्पामागच्या मोकळ्या जागेत जमायची. साइटवरच्या चाळणीनं वाळूतले खडे काढलेले, टँकरनं पाणी मारलेलं, चुन्याच्या रेघा. त्या वर्षी पहिल्या संघातला एकजण कायमचा गावी गेला आणि एक जागा रिकामी झाली. सेठनी ठरवलं की कॅम्पातल्या खेळाडूंची नीट पारख करून त्यांना क्रमानं लावायचं, आणि जो पहिला येईल त्याला वर घ्यायचं.

हे काम त्यांनी माझ्या नवऱ्याला दिलं. कारण सरळ होतं. फोरमन मंडणगडचा, स्टोअरकीपर खेडचा, टाइमकीपर श्रीवर्धनचा. प्रत्येकानं आपापला गाववाला पुढं केला असता. नवरा पडला पुण्याचा. कोकणातल्या एकाही गावाशी त्याचं देणंघेणं नव्हतं. कबड्डीशी तर त्याहून नव्हतं, पण ते सेठना सांगायची त्याची छाती झाली नाही. घरी येऊन मला म्हणाला, "तू गावाकडे खेळायचीस ना? जरा बरोबर येशील का?"

खेळायचीस ना, म्हणे. पेणजवळच्या आमच्या गावात मुलींचा संघ होता आणि मी त्यात खेळून जिल्ह्याच्या निवडीपर्यंत गेले होते. पण हे सगळं त्याच्या लेखी लंगडी, फुगडी यांच्याच खात्यात जमा होतं. थर्मासमध्ये चहा भरला आणि मुलीला घेऊन निघाले.

नुसत्या पुरुषांच्या कॅम्पात बाईनं मैदानाशी उभं राहायचं म्हणजे चर्चेला विषय. म्हणून नवऱ्यानं गाडी मैदानाच्या एका टोकाला लावली आणि मला आतच बसायला सांगितलं. पहिल्या शुक्रवारी माझ्यामुळे बिचाऱ्यांची पंचाईत झाली. उघड्या अंगानं खेळणाऱ्यांनी बनियनी चढवल्या आणि शिव्या एकदम बंद झाल्या. पकडीत हात निसटला की माणूस नुसतं तोंड उघडायचा आणि गाडीकडे बघून मिटायचा. पुढच्या खेपेपासून मात्र त्यांना माझी सवय झाली. मुलगी माझ्या मांडीवर पाय टाकून मागच्या सीटवर आडवी व्हायची आणि थोड्या थोड्या वेळानं विचारायची, "मम्मा, कॅन वी गो नाऊ?"

नवरा रेघेशी खुर्ची टाकून प्रत्येकाचे गुण मांडत बसायचा. चढाईत किती गडी मारले, पकडी किती केल्या, किती वेळा बाद झाला. घरी येऊन सगळं जुळवायचा. त्याच्या क्रमात पहिला होता खेडचा एक पोरगेलासा चढाईपटू. केस कपाळावर, अंगात वारं भरलेलं, आत शिरला की दोघांना हात लावल्याशिवाय परतायचा नाही. आणि सगळ्यांत शेवटी होता एक सळीकाम करणारा माणूस, मंडणगडकडचा, तिशी ओलांडलेला, कानाशी केस पांढरे झालेले. हा डाव्या कोपऱ्याला उभा राहायचा. त्याच्या नावापुढे जवळजवळ काहीच नव्हतं.

त्याच माणसाचं काय पणाला लागलंय हे मला नवऱ्याकडूनच कळलं होतं. तो ज्या टॉवरवर होता त्याचं काम संपत आलं होतं. उन्हाळ्याआधी त्या साइटवरची माणसं परत जाणार होती, आणि यादीत तोही होता. गावी दोन मुली, धाकटीच्या हृदयाला भोक, मुंबईत उपचार चालू. वर गेला तर राहणार, नाही तर एक्झिट. खेडच्या पोराला तशी घाई नव्हती. तो नवा आलेला, त्याच्या व्हिसाला बराच काळ होता.

खरं सांगायचं तर ही सगळी हकीकत कळायच्या आधीच माझा क्रम ठरला होता. दया आली म्हणून मी कुणाला वर ढकललं नाही. दयेनं दिलेली जागा खेळाडूच्या अंगाला लागत नाही, हे मला माहीत होतं.

मी काय बघत होते? चढाई करणारे बघत होते. ते आत शिरायचे आणि उजव्या कोपऱ्याकडे वळायचे. नवा गडी एखाद्या वेळी डावीकडे जायचा, त्या माणसाच्या पायांकडे बघायचा आणि मधूनच माघारी फिरायचा. तो माणूस तर काहीच करत नव्हता. हातही फार हलवत नव्हता. चवड्यांवर वजन, टाचा जेमतेम उचललेल्या, नजर समोरच्याच्या कमरेवर. चुकून कुणी जवळ गेलाच, तर वाकलेला कधी आणि घोटा धरलेला कधी हे कळायचं नाही. अशा वेळी माझा हात मुलीच्या घोट्यावर आवळायचा आणि ती ओरडायची, "मम्मा, यू आर हर्टिंग मी."

घरी मी नवऱ्याला म्हटलं, हा पहिला. त्यानं मला आकडे दाखवले. मी म्हटलं, त्याच्याकडे कुणी जातच नाही तर तो पकडणार कुणाला? निम्मं मैदान त्यानं नुसतं उभं राहून बंद केलंय. त्यामुळे सगळे उजवीकडे जातात, आणि उजव्या कोपऱ्याला ज्या पकडी मिळतात त्या खऱ्या याच्यामुळे मिळतात.

"पण जे घडलंच नाही त्याला मी मार्क कसे देऊ?" तो म्हणाला.

त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता, म्हणूनच मला राग आला. चहाचा कप जरा जोरात ठेवला गेला. मग मी म्हटलं, विटा तुझ्या, मैदान माझं. पुढच्या शुक्रवारी त्या माणसाला मध्यंतरानंतर उजव्या कोपऱ्याला उभा कर. बाकी काही करू नको, फक्त चढाई करणारे कुठं जातात ते बघ.

त्या शुक्रवारी सेठ स्वतः आले होते. पहिल्या अर्ध्या खेळात नेहमीसारखंच, सगळे उजवीकडे. मध्यंतरात नवऱ्यानं जाऊन खेळ लावणाऱ्या मुकादमाच्या कानात सांगितलं आणि त्या माणसानं मुकाट्यानं कोपरा बदलला. पहिला चढाईपटू आत आला, सवयीनं उजवीकडे निघाला, तिथं तो उभा दिसला आणि डावीकडे वळला. दुसराही तसाच. खेडचा पोरगा शहाणा. तो दम लावून थेट त्याच्या अंगावर गेला, घोट्यात अडकला आणि मध्यरेषेच्या हातभर अलीकडे आडवा झाला. त्यानंतर उजवीकडे कुणी गेलं नाही. इतके शुक्रवार ओस पडलेल्या डाव्या कोपऱ्यात नुसती झुंबड उडाली. नवऱ्यानं पेन खिशाला लावलं आणि मागे वळून गाडीकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्या नजरेनं त्यानं माझ्याकडे त्याआधी बघितल्याचं आठवत नाही.

मग सेठ उठले. मला वाटलं मगरिबच्या नमाजाला निघाले, पण ते आमच्या गाडीपाशी आले. मी काच खाली केली. ते जरा वाकून, अदबीनं म्हणाले की आकडे साहेबांचे असले तरी नजर कुणाची आहे ते मला कळलं. मग मुद्द्यावर आले.

"भाभी, आदमी चांगला आहे, कबूल. पण उमर बघा. खेडवाला छोकरा दहा साल खेळेल. हा किती टिकेल?"

मला माझ्या वेळची जिल्ह्याची निवड आठवली. अलिबागला शाळेच्या पटांगणात मांडव, त्यात टेबल, टेबलामागे तिघे निवड करणारे. शेवटच्या सामन्यानंतर त्यांतल्या एकानं माझ्या वडिलांना बोलावून विचारलं होतं, मुलीचं लग्न ठरलंय म्हणे? वडिलांनी अभिमानानं हो म्हटलं. मुलगा परदेशात असतो हेही सांगितलं. मग नावं वाचली गेली. ज्या मुलीला मी त्याच दिवशी दोनदा पकडलं होतं तिचं नाव आलं, माझं नाही. एवढी शिकवायची आणि ही जाणार सासरी, जागा वाया जाईल, असं ते म्हणाल्याचं मागाहून कळलं. त्यांचंही एका परीनं बरोबरच होतं. मी गेलेच की सासरी. पण त्या दिवशी मी चांगली खेळले होते, आणि त्या दिवसाबद्दल कुणीच काही बोललं नाही. ते मला फार लागलं होतं. अजून लागतं.

मी सेठना म्हटलं, "किती टिकेल ते मला नाही सांगता येत. आज इथं पहिला कोण, एवढंच सांगता येतं. माझ्या वेळी निवड करणाऱ्यांनी पुढचं बघितलं होतं, सेठ. पुढचं बघून घरी पाठवलं."

"मग?"

"मग काय. ही बघा, इथं गाडीत बसलेय."

सेठ हसले नाहीत. दाराच्या कडेवर हात ठेवून त्यांनी मैदानाकडे बघितलं. मशिदीतून अजान सुरू झाली तशी त्यांनी नवऱ्याला हाक मारली. "खलास," म्हणाले. "भाभींनी लावलाय तोच नंबर." आणि ते नमाजाला गेले.

परतताना शारजाच्या रस्त्यावर नेहमीची कोंडी होती. मुलगी झोपली होती. नवरा एरवी कोंडीत चिडचिड करायचा, त्या दिवशी त्यानं हॉर्नही वाजवला नाही. जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, तो झाला, पण त्यात सारखा तो मांडव येत होता. माणसाला क्रमानं लावायचं म्हणजे काय लावायचं? त्यानं केलेलं, की तो पुढे करील असं आपल्याला वाटतं ते? पुढचं तर कुणालाच दिसत नाही. नवऱ्याच्या भाषेत, जे घडलंच नाही त्याला मार्क द्यायचे. आणि त्यावरून घडलेलं खोडून टाकायचं.

त्या माणसाची गोडाऊनला बदली झाली. खेडचा पोरगा वर्षभरानं वर गेलाच, कारण काळ त्याच्या बाजूनं होता.

बदलीनंतरच्या एका शुक्रवारी सकाळी आमच्या दाराची बेल वाजली. दारात तो उभा. धुतलेला शर्ट, भांग पाडलेला, हातात खजुराचा डबा. साहेबांना भेटायला आला होता. आत यायला तयार होईना. नवऱ्यानं आग्रह केला तसा जेमतेम उंबऱ्याच्या आत आला आणि उभ्याउभ्याच साहेब, तुमच्यामुळे झालं वगैरे म्हणू लागला. धाकटीचं ऑपरेशन ठरलंय, हेही सांगितलं. नवरा ओशाळून काहीतरी पुटपुटला. मी पाणी घेऊन बाहेर आले. त्यानं पेला घेतला, पण प्यायला नाही. माझ्याकडे बघून, जरा संकोचून म्हणाला,

"वहिनी, एक विचारू? समोरचा आत आला की गाडीत तुम्ही माझ्याआधी वाकायचात. मला समोरून दिसायचं. तुम्ही कुठल्या कोपऱ्याला खेळायचात?"

"डाव्या," मी म्हटलं.

"वाटलंच," तो म्हणाला आणि पाणी प्यायला.

नवरा आमच्या दोघांच्या मध्ये डबा धरून उभा होता. एकदा त्याच्याकडे बघत होता, एकदा माझ्याकडे. लग्नाला एवढी वर्षं झाली, हे त्यानं मला कधी विचारलं नव्हतं.